धारजाईचं माहेर

पावसाळ्यात दर रविवारी महाडला आमच्या घरी सात-आठ मुलं जमतात. दोघी-तिघी पोलादपूरहून एसटीनं येतात. मध्ये फासे, वह्या आणि हातानं काढलेला एक नकाशा. कुणी वाटाड्या व्हायचं, कुणी वैदू, आणि सगळ्यांनी मिळून बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. या तऱ्हेचा पहिला खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी छापला, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. आमचा मराठीत चालतो.

यंदा मुलांना नकाशातल्या मुलखासाठी देवी हव्या होत्या. पहिल्या दिवशी वहीत आल्या त्या अशा: युद्धाची देवी, अग्नीची देवी, मृत्यूची देवी. एकीपुढेही कुणाच्या पात्रानं हात जोडले नाहीत. मग पोलादपूरच्या एका मुलीनं विचारलं, “पण हिचं माहेर कुठं?”

खेळ तिथून जिवंत झाला. महाडची जाखमाता, विन्हेऱ्याची झोलाई, रायगडावरची शिरकाई. आपल्याकडे देवीच्या नावाआधी गाव येतं. महाशिवरात्रीच्या उत्सवात महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या येतात, काठ्या नाचतात, खालूबाजा घुमतो. त्या गर्दीत ही कशाची देवी, असं कुणी विचारत नाही. कुठली, एवढंच विचारतात.

मी एकच अट घातली. यांतली एकही देवी आपल्या खेळात आणायची नाही. १९८० साली ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं पुस्तक निघालं. त्यात आपल्या इंद्र-अग्नीलाही, किती वार सोसले की पडतील, याचे आकडे दिले होते. जिच्यापुढे आई नारळ ठेवते, तिच्यावर फासे टाकायला माझं मन घेत नाही. घडवायची तर अगदी नवी घडवू.

मुलांना फार शोधावं लागलं नाही. जुलै २०२१ चा पूर त्यांनी पाहिलेला आहे. सावित्री महाबळेश्वराहून पोलादपूरवरून उतरते, महाडजवळ तिला गांधारी आणि काळ मिळतात. या नद्या फुगलेल्या असताना बाणकोटच्या खाडीला भरती असली, तर पाण्याला पुढे वाट राहत नाही. ते बाजारपेठेत शिरतं. यातून दोघी बहिणी निघाल्या. घाटावरून येणारी धारजाई आणि खाडीतून वर चढणारी उधाणाई. एकीचं माहेर डोंगरात, दुसरीचं समुद्रात. वर्षातून एकदा त्यांची भेट होते, आणि त्या रात्री मुलखात कुणी झोपत नाही.

त्यांचा पंथही मुलांनीच बांधला. इथं मी त्यांना स्टीव्ह पेरिन आणि ग्रेग स्टॅफर्ड यांचं, अशाच एका खेळाचं १९७९ चं पुस्तक ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ वाचून दाखवलं. देव भक्ताला काय देतो, याबरोबर भक्तानं काय द्यायचं, हेही त्यात लिहिलेलं असतं. मुलांचे भक्त म्हणजे खुणकरी. पाणी ओसरलं की घरोघरी जाऊन भिंतीवर पाण्याची रेघ ओढायची, हे त्यांचं व्रत. घरटी मूठभर तांदूळ घ्यायचे, पैसा नाही. पावसाळ्याचे चार महिने दाराला कडी लावायची नाही. आणि रेघ एक बोटभरही खोटी ओढायची नाही, मग घरमालक कितीही मोठा असो. हा शेवटचा नियम सगळ्यांत धाकट्या मुलानं सुचवला. त्याच्या घराच्या जिन्यावर खरीच तशी रेघ आहे.

गेल्या रविवारी मात्र भांडण झालं. महाडची मुलं म्हणाली, धारजाई रागीट, तीच घरं बुडवते. पोलादपूरच्या मुली उसळल्या. आमच्याकडून जाताना ती कुणाला अडवत नाही, तुमच्या दारात तिची वाट अडते म्हणून ती चढते. आणि अडवते कोण, तर उधाणाई. दोन्हीकडची मुलं हटेनात. शेवटी खुणकऱ्यांची सभा भरवायची ठरली. ती येत्या रविवारी आहे, आणि मुली धारजाईच्या बाजूनं बोलायला घाटातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून येणार आहेत.