बसून मोडलेली पाठ
(रांजणगावला ड्रायव्हर पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदी कामगार. पाठीच्या जिवावर भाकर खातो, म्हणून पाठीवर बोलतो. तुमच्या एमआयडीसीतला माल कंटेनरनं बंदरावर येतो. ड्रायव्हर केबिनमधून उतरतो आणि कमरेवर हात ठेवून तसाच वाकून उभा राहतो. सरळ होता येत नाही. बघणारा हसतो. म्हणतो, "बसून तर आलास की! तुला काय झालं?"

हा सवालच आज फाडायला आलोय.

माझ्या पाठीवरचं पोतं जगाला दिसतं. तुमचं ओझं सीटखालून येतं, म्हणून दिसत नाही. इंजिनचा, खड्ड्याचा, स्पीडब्रेकरचा प्रत्येक हादरा सीटमधून मणक्यात शिरतो. सेकंदाला 4 ते 8 या गतीचे हादरे सगळ्यात वाईट. त्या तालावर कणा स्वतःच थरथरायला लागतो. तासन्‌तास हे चाललं की स्नायू थकतात, मणक्यांमधल्या गादीवर ताण येतो. आणि गाडी थांबल्या थांबल्या तुम्हालाच माल उतरवायला लावतात. थकलेली कंबर तिथंच जाते.

जगाला हे ठाऊक नाही असं नाही. गाडीवर बसून वर्षानुवर्षं हादरे सोसल्यानं होणारा कमरेच्या गादीचा आजार जर्मनीनं 1993 पासून धंद्याचा आजार मानला. युरोपनं 2002 साली हादऱ्यांना मर्यादा घातली. आपल्याकडं 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास काम आणि 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहून दिली. ती कागदावरच झोपली. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. झाला ते बरंच झालं. पण गार हवेनं हादरा थांबत नाही.

आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढली, तेव्हा त्याला 'कर्म' म्हटलं. आज तुमची कंबर जाते, तर 'नशीब' म्हणतात. शब्द बदलला, डाव तोच. 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं 'दलित' या शब्दात कष्टकऱ्यालाही घेतलं, ते उगीच नाही.

मग करायचं काय? गाडीतून उतरल्यावर आधी थोडं चाला, मग वजनाला हात लावा. रोज दुखण्याची गोळी गिळून गाडी हाणू नका, पोट आणि किडनी जाईल. पायातली ताकद गेली, जांघेत बधीर झालं, लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उद्यावर टाकलं तर माणूस कायमचा लुळा होतो.

पण एकट्यानं कंबर सांभाळून भागणार नाही. किती तास चालवलं, कधी दुखलं, ते वहीत लिहा. डॉक्टरकडून कागद घ्या. आणि दहाजण मिळून मागा: हादरा झेलणारी सीट, मोजलेले तास, गेटवर पाठ टेकायला जागा, माल उतरवायला वेगळा माणूस.

पुण्याहून येताना वाटेत कोरेगाव भीमा लागलं. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं आले होते. दर एक जानेवारीला त्या स्तंभापुढं आपण ताठ उभं राहायची शपथ घेतो. मग ज्याचा कणा सीटवर मोडतोय, त्याची लढाई कोण लढणार?

आपणच.

जयभीम.