सही मात्र नोटरीसमोरच!

मागच्या भागात परदेशातून परत येतानाच्या आवराआवरीबद्दल बोललो. त्यातलंच एक राहिलेलं काम आज सांगतो.

कॅलिफोर्नियात गाडी घेताना आम्ही सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं. शोरूममध्ये त्यालाच ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ म्हणतात. पुण्याला परतायच्या चार दिवस आधी गाडी विकली. कॉन्ट्रॅक्टची दोन वर्षं शिल्लक होती, म्हणजे तेवढे पैसे परत मिळणार. फॉर्म आला: ओडोमीटरचा आकडा शपथेवर लिहा, नोटरी करून पाठवा.

मी शहाणा! घरीच सही ठोकून गेलो. नोटरीबाईंनी कागद परत सरकवला. ‘सही माझ्यासमोर हवी. ही शपथ आहे.’ नवा फॉर्म छापून आणेपर्यंत दुकान बंद. काम झालं ते विमानाच्या आदल्या दिवशी.

आपल्याकडे नोटरी म्हणजे वकील. तिथे तसं नाही. कुरिअरच्या दुकानातली बाईही नोटरी असते. एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर. मजकूर बरोबर आहे की नाही हे ती बघत नाही. सही करणारा तुम्हीच, आणि शपथ घेऊन केलीत, एवढंच ती सांगते. म्हणून आकडा आपणच तपासायचा.

तेव्हा किल्ली देण्याआधी ओडोमीटरचा फोटो काढा. ओळखपत्र न्या. कर्ज बाकी असेल, तर परतावा आधी बँकेकडे जातो, हेही धरून चाला. आणि फॉर्म पूर्ण भरा… सही सोडून!

भेटू पुढच्या भागात.