वजाबाकीची कसोटी

नव्याने जोडलेला घरगुती संगणक सुरू झाला नाही की कोणता भाग खराब निघाला याचा शोध तत्काळ सुरू होतो. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन मात्र असे की, सुरू होण्याची क्रिया कोणत्या पायरीवर अडली हे आधी पाहावे, आणि ते कळण्यासाठी नवे भाग विकत आणण्याऐवजी जोडलेलेच भाग काढत जावे. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांची कार्ये श्रोत्यांना परिचित आहेत असे गृहीत धरून तो भाग येथे वगळला आहे, पुढच्या रांगेतील काही मुद्रा या गृहीतकाशी सहमत दिसत नसल्या तरीही.

वीज मिळताच संगणक आपले प्रमुख भाग जागेवर आहेत की नाहीत हे स्वतःच तपासतो, आणि या स्वयंतपासणीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पोस्ट’ म्हणतात. टपालखात्याशी तिचा संबंध नाही. (हशा.) १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ती निर्वेध पार पडली की एक आखूड बीप ऐकू येई, आज अनेक मदरबोर्डांसोबत तो छोटा स्पीकर येत नाही, मात्र काहींवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात, व जो पेटून राहतो तेथे तपासणी थांबलेली असते.

परंतु पोस्टच्याही आधी बटण येते, आणि बटणाविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. जुन्या एटी पद्धतीच्या अनेक संगणकांत घरातील वीज जाड केबलमधून थेट पुढच्या बटणापर्यंत येत असे आणि बटण दाबणे म्हणजे दिवा लावण्यासारखेच होते. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स पद्धतीत बटण हा केवळ अर्ज करणारा राहिला. एसएमपीएस, म्हणजे घरातील विजेचे कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारा डबा, मागचे बटण चालू असताना मदरबोर्डला पाच व्होल्टची राखीव वीज सतत देत असतो. पुढचे बटण दाबले की मदरबोर्ड एक विशिष्ट तार, जी परंपरेने हिरवी असते, शून्य दाबावर आणतो, मग डबा मुख्य वीज सोडतो, आणि दाब स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘वीज ठीक’ असा संकेत उलट पाठवतो, ज्यानंतरच प्रोसेसरला काम सुरू करण्याची मुभा मिळते. इतक्या सह्या गोळा होईपर्यंत दुसऱ्या एखाद्या कार्यालयात आर्थिक वर्ष संपले असते. (मोठा हशा.) तात्पर्य, बटणाच्या दोन बारीक तारा चुकीच्या पिनांवर बसल्या असतील तर अर्जच दाखल होत नाही, आणि निर्दोष मदरबोर्ड मात्र दुकानात परत जातो.

येथे अध्यक्षांची चिठ्ठी आल्याने मूळ प्रतिपादन आटोपते घेणे प्राप्त आहे. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. पंख्यासह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवावे, व प्रोसेसरमध्ये चित्रनिर्मितीची सोय नसेल तरच ग्राफिक कार्ड राहू द्यावे. मग बटणाच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. बाहेर चालणारा संगणक आत बंद पडत असेल, तर बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेली पितळी खुंटी सर्वप्रथम शोधावी. पुढे रॅमही काढावी: स्पीकर किंवा दिवे असलेला बोर्ड रॅमविना तक्रार करू लागला, तर बोर्ड आणि प्रोसेसर हे दोन्ही बहुधा जिवंत आहेत असे समजावे.

लॅमिंग्टन रोडवर तयार संगणक मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, अशी पृच्छा मागील रांगेतून झाली. तयार संगणकही कोणीतरी जोडलेलाच असतो, हे उत्तर पुरेसे मानावे. (घंटा.) उरलेले एका वाक्यात सांगायचे तर, प्रोसेसरजवळची आठ पिनांची स्वतंत्र वीजजोडणी बहुतेकदा विसरली जाते, डीडीआर५ रॅमच्या काही बोर्डांना पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेण्यास काही मिनिटे लागतात, तेवढा वेळ काळ्या पडद्याकडे पाहत थांबावे, आणि ग्राफिक कार्ड बसवलेले असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डात नव्हे, त्या कार्डात खोचलेली असावी.