संगणकात मजकुराची जागा आखताना

(निपाणी येथे शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मी संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. आयुष्यभर मराठी शिकवली आणि निवृत्तीनंतर गावातल्या एका लहानशा वाचनालयाचे काम बघू लागलो. तेव्हा आजचा विषय मी का घेतला, हे आधी सांगायला हवे.

आमच्या वाचनालयाने काही वर्षांपूर्वी विडी वळणाऱ्या बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. दुपारी त्या सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसत, आमच्या मुली शेजारी बसून फोनवर ध्वनिमुद्रण करत आणि संध्याकाळी वाचनालयातल्या संगणकावर ते टाइप करत. दोन पावसाळे हे काम चालले. मग एकदा संगणक फारच हळू चालू लागला, म्हणून मी लिनक्सची नवी आवृत्ती टाकायला बसलो. पडद्यावर प्रश्न आला: संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करायचे का? मी ‘होय’ म्हटले. वीस मिनिटांनी संगणक नव्यासारखा झाला. ओव्यांचा फोल्डर त्याच डिस्कवर होता आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. फोनमधली ध्वनिमुद्रणे जागा करायची म्हणून मुलींनी आधीच काढून टाकलेली होती. गाणाऱ्यांपैकी एक आजी तोवर वारल्या होत्या. बाकीच्यांकडे आम्ही पुन्हा गेलो, त्यांनी पुन्हा गायलेही. त्या आजींच्या ओव्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

दोष संगणकाचा नव्हता आणि लिनक्सचाही नव्हता. आपला मजकूर कुठे राहणार, हे मी आधी ठरवले नव्हते. म्हणून आज मी तेवढेच सांगणार आहे: नवी कार्यप्रणाली टाकण्याआधी डिस्कची आखणी कशी करावी, स्नॅपशॉट म्हणजे काय, आणि त्याच्यावर कुठवर विसंबावे.

मुक्त कार्यप्रणालीच का, असे कोणी विचारील. आपल्या भागात त्याला साधे कारण आहे. आपल्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही लिहावे लागते. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांत दोन्ही लिप्यांचे फॉन्ट आणि कळफलक विनामूल्य मिळतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ एकाच कळीवर आहेत. एक लिपी शिकली की दुसरीसाठी बोटांना नव्याने शिकावे लागत नाही. या प्रणालींत वर्षानुवर्षे वापरले गेलेले लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने खुले केले आणि त्यांवरचे बरेच काम पुण्यात झाले. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांसाठी आणली. शेजारच्या केरळने तर सरकारी शाळांतले संगणक शिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. तेव्हा ही वाट नवखी नाही. मात्र या वाटेवर इन्स्टॉल बहुधा आपणच करतो, आणि म्हणून आखणीही आपल्यालाच करावी लागते.

आता आखणीकडे येतो. डिस्कचे जे भाग पाडतात त्यांना पार्टिशन म्हणतात. भागांमध्ये रेघ आखणे म्हणजे काय, हे निपाणीकरांना मी काय सांगावे! शहर कर्नाटकात आणि देवचंद महाविद्यालय पलीकडे अर्जुननगरला, महाराष्ट्रात. रेघ आखायला वेळ लागत नाही, पुढे ती हलवणे अवघड असते. डिस्कचेही तसेच आहे. रिकाम्या डिस्कवर भाग पाडणे दोन मिनिटांचे काम, भरलेल्या डिस्कवर ते सरकवणे जोखमीचे.

म्हणून आधी कागद घ्या आणि आपल्याकडे काय साठवायचे आहे ते लिहा. नुसता मजकूर फार थोडी जागा घेतो. युनिकोडमध्ये देवनागरीचे एक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेते. पानाला दीड हजार चिन्हे धरली तर तीनशे पानांचे पुस्तक दीड एमबीच्या आत बसते. अशी हजार पुस्तके दीड जीबीत मावतील. जागा खातात ती ध्वनिमुद्रणे आणि स्कॅन केलेली पाने. सीडीच्या दर्जाचे, न दाबलेले ध्वनिमुद्रण तासाला सहाशे एमबीहून अधिक होते. ए-फोर आकाराचे रंगीत पान तीनशे डीपीआयवर स्कॅन केले, तर न दाबता ते सुमारे २६ एमबी भरते. आपल्याकडे ओव्यांचे पन्नास तास असतील, तर तीस-पस्तीस जीबी त्यांनाच लागणार, हे आधी कळायला हवे.

आमच्या संगणकाला ५०० जीबीची डिस्क आहे. खोक्यावरचे ५०० पडद्यावर सुमारे ४६५ दिसतात; कंपनी हजाराने मोजते आणि काही प्रोग्राम १०२४ ने मोजतात, एवढाच तो फरक. नवीन संगणकांना सुरू होण्यासाठी ईएफआय नावाचा एक छोटा भाग लागतो, त्याला आम्ही एक जीबी दिली. प्रणालीसाठी म्हणजे ‘रूट’साठी ८० जीबी, स्वॅपसाठी ८ जीबी आणि उरलेले सुमारे ३७५ जीबी ‘होम’साठी. संगणकाची रॅम ८ जीबी आहे आणि तो हायबरनेट करायचा असतो, म्हणून स्वॅप तेवढी ठेवली.

यातली मुख्य गोष्ट म्हणजे ‘रूट’ आणि ‘होम’ वेगळे असणे. रूटमध्ये प्रणाली राहते. ती बिघडली, जुनी झाली, तर पुन्हा डाउनलोड करता येते. होममध्ये आपले लेखन राहते आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नसते. दोन्हींचे भाग वेगळे असले, की पुढच्या वेळी फक्त रूट पुसून नवी प्रणाली टाकता येते. त्यासाठी इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय न घेता ‘स्वतः विभागणी करा’ हा पर्याय निवडायचा, जुना भाग ‘होम’ म्हणून दाखवायचा आणि त्याच्यापुढची ‘फॉरमॅट’ची चौकट रिकामी आहे ना, हे दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावायचे. आमच्याकडे आता हा नियमच आहे.

यात एक पर्याय आहे. बीटीआरएफएस नावाच्या फाइल व्यवस्थेत एकाच मोठ्या भागात उपखंड करता येतात. उपखंडांना नावे वेगळी, पण जागा सामाईक. एकाला ८० जीबी पुरली नाही तर तो मोकळ्या जागेतून घेतो. फेडोराने २०२० मध्ये आपल्या डेस्कटॉप आवृत्त्यांसाठी हीच व्यवस्था मूळ निवड म्हणून स्वीकारली. जाणकार माणसाला ती सोयीची आहे. आमच्याकडे मदतीला दर वर्षी नवा विद्यार्थी येतो. त्याला स्पष्ट दिसणारी रेघ बरी, म्हणून आम्ही दोन वेगळे भाग केले आणि दोन्हींवर बीटीआरएफएसच घातले.

बीटीआरएफएस का, तर स्नॅपशॉटसाठी. जुन्या, भरवशाच्या ईएक्सटी-४ व्यवस्थेत स्वतःची अशी स्नॅपशॉटची सोय नाही. बीटीआरएफएसमध्ये फाइल बदलली की जुन्या मजकुरावर नवा लिहिला जात नाही. जुनी अडत पेढीची चोपडी आठवा. चूक झाली तर पान फाडायचे नाही, पुढच्या पानावर दुरुस्त नोंद करायची. स्नॅपशॉट म्हणजे अमुक वेळी चोपडीतली कोणती पाने चालू होती याची यादी. म्हणून तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. पुढे जसजसे बदल होतात तसतशी जुनी पाने अडकून राहतात आणि जागा भरत जाते. एखादी मोठी फाइल काढून टाकली तरी जागा मोकळी होत नाही, असे दिसले तर घाबरू नका. ती कुठल्या तरी स्नॅपशॉटमध्ये धरलेली असते.

याचा उपयोग आम्हाला कसा झाला ते सांगतो. ओव्या दुसऱ्यांदा टाइप होत होत्या. एका हुशार विद्यार्थ्याला बायकांचे उच्चार ‘अशुद्ध’ वाटले. त्याने ‘न्हाई’च्या जागी सगळीकडे ‘नाही’, ‘व्हय’च्या जागी ‘होय’ असे एका दमात बदलून टाकले आणि फाइल जतन केली. त्याचा हेतू चांगला होता. पण आपण गोळा करत होतो ते नेमके ते ‘न्हाई’ आणि ‘व्हय’च. उलटे बदलून ते परत आले नसते, कारण काही बायका मुळातच ‘नाही’ म्हणत होत्या. कोण काय म्हणाले, हा फरकच पुसला गेला होता. आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून आम्ही ती एक फाइल उचलली आणि पाच मिनिटांत काम पुन्हा सुरू झाले. त्या मुलाला कोणी रागावले नाही. त्याच दिवशी वर्गात बोली आणि प्रमाणभाषा यांवर चांगली चर्चा झाली.

इथे काही सावधगिरीच्या गोष्टी आहेत. टाइमशिफ्ट हे लोकप्रिय साधन मूळ मांडणीत प्रणालीचे स्नॅपशॉट घेते, तुमच्या लेखनाचे घेत नाही. टाइमशिफ्ट चालू आहे म्हणजे कादंबरी सुरक्षित आहे, असे समजू नका. शिवाय बीटीआरएफएसवर ते चालवायचे तर उपखंडांची नावे त्याला हवी तीच लागतात. इन्स्टॉलर कोणती नावे देतो ते आधी पाहा. होमसाठी आम्ही स्नॅपर हे साधन लावले आहे. रोजचे सात आणि आठवड्याचे चार स्नॅपशॉट ते ठेवते, त्याआधीचे काढून टाकते.

प्रणालीचे आणि लेखनाचे स्नॅपशॉट वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. अपडेटनंतर संगणक बिघडला तर प्रणाली कालच्या स्थितीला नेता येते. त्या वेळी लेखनही मागे गेले तर आजचे प्रकरण हरवेल. ओपनसुसेमध्ये होम याच कारणाने रूटच्या स्नॅपशॉटबाहेर ठेवतात. आणि ‘बूट’ हा भाग वेगळा काढला असेल, तर रूटच्या स्नॅपशॉटमध्ये कर्नल येत नाही. मागे गेलेली प्रणाली आणि पुढचा कर्नल यांचे मग जुळत नाही. आम्ही म्हणूनच बूट वेगळा काढला नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क जळाली, संगणक चोरीला गेला, पावसाळ्यात छत गळून पाणी आत शिरले, तर मूळ आणि स्नॅपशॉट दोन्ही एकदमच जातात. मी सुरुवातीला सांगितलेली चूक, म्हणजे सगळी डिस्क पुसणे, तिच्यापासूनही स्नॅपशॉट वाचवत नाही. तो आपल्या हातून फाइलमध्ये झालेल्या चुकीवरचा उपाय आहे. डिस्कच गेली तर वेगळ्या डिस्कवरची प्रतच कामी येते.

आम्ही दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत करतो. बीटीआरएफएसमध्ये केवळ वाचनासाठी असलेला स्नॅपशॉट दुसऱ्या डिस्कवर पाठवता येतो, आणि पुढच्या वेळी मधले बदलच जातात. अशा दोन डिस्क आहेत. एक कपाटात, दुसरी दुसऱ्या गावी एका सभासदाच्या घरी. महिन्याला त्यांची अदलाबदल होते. आणि वर्षातून दोनदा त्या प्रतीतून एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडून बघतो. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक खास सूचना. लिनक्सच्या या फाइल व्यवस्थांत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीत ती साधारण ८५ चिन्हे होतात, आणि काना, वेलांटी, पाय मोडण्याचे चिन्ह हीसुद्धा त्यात मोजली जातात. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार चिन्हे. विंडोजवर हीच मर्यादा चिन्हांवर मोजतात, म्हणून तिथे लांब नाव चालते. एका शिक्षकांनी लेखाचे संपूर्ण शीर्षक फाइलला दिले होते. पेन ड्राइव्हवरून आमच्याकडे ती फाइल येईचना. नाव आखूड केले, आली. तेव्हा नावे आखूड ठेवा आणि पूर्ण शीर्षक आतल्या पहिल्या ओळीत लिहा.

शेवटी विद्यार्थ्यांना एक सांगणे आहे. तुमच्यातले अनेक जण पुढे कोल्हापूरला, बेळगावला, पुण्याला शिकायला जाल आणि कोणाच्या तरी संगणकावर प्रणाली टाकून द्याल. सुरू करण्याआधी त्या माणसाला विचारा: “काका, यात तुमचे काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे?” उत्तर मिळेपर्यंत पुढचे बटण दाबू नका. मला त्या दिवशी हे कोणी विचारले असते, तर त्या आजींच्या ओव्या आज मी तुम्हाला ऐकवल्या असत्या.