पगाराचा प्रोग्रॅम आणि त्यातली द्विरुक्ती



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की बोनस, संप आणि मोर्चा यांपलीकडे तो काही बोलेल अशी श्रोत्यांची अपेक्षा नसते. आज आम्ही बोलणार आहोत ते कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमविषयी, त्यातली द्विरुक्ती आणि गुंतागुंत कमी कशी होते याविषयी. चालकांनीही आम्हाला दोनदा विचारले, विषय हाच ना? आमचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे शिक्षण लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडिताचा आव आणण्याचा प्रश्नच नाही. गाव वाळवे तालुक्यातले, आणि तो तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, म्हणून या व्यासपीठावर आम्ही स्वतःला पाहुणे समजत नाही.

आमच्या माणसांच्या मजुरीचा हिशेब पूर्वी टाइमकीपरच्या वहीत असे. वही उघडून चुकीवर बोट ठेवता येई. आता तो हिशेब प्रोग्रॅम करतो. मग बोट कुठे ठेवायचे, हे शिकणे आम्हाला भागच पडले.

प्रथम एक हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याचे इथे कारण नाही. दीडशे माणसे कामाला. आपल्या राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. त्या जुलैत भत्ता वाढला, पगारात वाढ दिसली, सगळे खूश. महिन्याभराने एक ऑपरेटर सिगारेटच्या पाकिटाच्या मागे केलेली आकडेमोड घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "आण्णा, भत्ता वाढला, मग ओव्हरटाइमचा दर हाय तितकाच कसा?" कायद्याप्रमाणे ओव्हरटाइमला साध्या दराच्या दुप्पट मजुरी, आणि त्या साध्या दरात भत्ता धरायचा. आता हिशेबाच्या सोयीसाठी वाढ २६० रुपये धरा. २६ दिवसांनी भागले की रोजचे १० रुपये, आठ तासांनी भागले की तासाला सव्वा, दुप्पट केले की अडीच. महिन्याला १६ तास ओव्हरटाइम करणाऱ्याचे ४० रुपये गेले. दीडशे जणांचे ६,०००, आणि पुढचा बदल येईपर्यंतच्या सहा महिन्यांत ३६,०००. यात कोणी कोणाला लुबाडले नव्हते. ही गोष्ट आम्हाला त्या वेळी पटली नाही. मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटून झाल्यावर पटली.

प्रोग्रॅम सांभाळणारा मुलगा सांगलीकडचाच, भला पोरगा. त्याने आम्हाला शेजारी बसवून पडद्यावर सगळा कोड दाखवला. प्रोग्रॅम म्हणजे तरी काय, हुकमांची यादी. हे कर, ते बेरीज कर, असे असेल तर तसे कर. त्या यादीत भत्त्याचा आकडा सात ठिकाणी लिहिलेला होता. मासिक पगारात एकदा, ओव्हरटाइममध्ये एकदा, रजेच्या पगारात एकदा, आणि असाच पुढे. जुलैत चार ठिकाणी बदलला, तीन ठिकाणी जुना राहिला. "आण्णा, हितं बदलायचं ऱ्हायलं बघा," तो म्हणाला, आणि त्याचे तोंड एवढेसे झाले.

सात ठिकाणी लिहिला कोणी? मुद्दाम कोणीच नाही. ओव्हरटाइमचा भाग लिहिताना आधीच्या माणसाने पगाराचा भाग उचलून तिथे चिकटवला आणि वरवर दुरुस्त केला. घाईत असे प्रत्येकजण करतो. आम्हीही मागण्यांचे निवेदन लिहिताना गेल्या वर्षीचेच निवेदन समोर ठेवतो, आणि एकदा जुन्या कलेक्टरसाहेबांचे नाव तसेच राहून गेले होते!

ओतकाम जाणणाऱ्याला हे सहज उमगेल. किर्लोस्करवाडीला १९१० पासून ओतीव माल निघतो, त्यामुळे आमच्या भागातल्या घराघरांत फर्मा हा शब्द माहीत आहे. एकाच भागाचे दोन फर्मे केले, त्यातल्या एकाला कुठे पाव सूत घासावे लागले आणि दुसरा तसाच राहिला, तर महिन्याभराने जोडणीखात्यात भांडण ठरलेले. म्हणून फर्मा एकच ठेवतात. प्रोग्रॅममध्येही भत्त्याचा आकडा एका जागी लिहावा, आणि ज्याला लागेल त्याने तिथून घ्यावा. केंब्रिजला १९४९ साली एडसॅक नावाचे यंत्र सुरू झाले. त्यावर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ साली पुस्तक काढले, त्यात हीच युक्ती आहे: वारंवार लागणारा हिशेब एकदा नीट लिहून संग्रहात ठेवायचा आणि हवा तिथे त्याला हाक मारायची.

आपल्याला तर यासाठी केंब्रिजलाही जायला नको. वाईला जाऊन मराठी विश्वकोशाचे खंड चाळा. एक माहिती दोन नोंदींत लागत असेल तर एका जागी सविस्तर लिहून दुसऱ्या जागी 'पहा' म्हणून बोट दाखवले आहे. त्याही मागे जायचे तर पाणिनी आहे. त्याची सूत्रे सुमारे चार हजार. एका सूत्रात आलेला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हा न उच्चारता चालू राहतो, त्याला अनुवृत्ती म्हणतात. संस्कृत आम्हाला येत नाही, हे एका शास्त्रीबुवांनी आम्हाला समजावून दिले आणि त्या दिवसापासून व्याकरण या विषयाचा आमचा राग गेला.

दुसरा रोग गुंतागुंतीचा. माणूस कायम असेल तर, त्यात रात्रपाळी असेल तर, त्यात सुट्टीचा दिवस असेल तर, अशी 'जर'च्या पोटात 'जर' घातली की वाचणाऱ्याला घाम फुटतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या नुसत्या दहा अटी असल्या तरी वाटा होतात १,०२४. तपासणार कोण? मकेब नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९७६ साली अशा फाट्यांवरून कोडाची गुंतागुंत मोजण्याची रीतही दिली. उतारा फार अवघड नाही. दर कोष्टकात ठेवावेत, प्रत्येकापुढे तो कोणत्या तारखेपासून लागू ते लिहावे, म्हणजे फरकाचा हिशेब काढताना जुना दरही सापडतो. आणि एका मोठ्या हिशेबाचे लहान तुकडे करून प्रत्येकाला खरे नाव द्यावे. रात्रपाळीचा भत्ता काढणारा तुकडा रात्रपाळीचाच भत्ता काढील, दुसरे काही करणार नाही.

एवढे झाल्यावर त्या मुलाला हुरूप आला. दिसेल ते सारखे एक करत सुटला. इथेच खरी ठेच आहे, आणि या भागासाठीच आम्ही हा विषय घेतला.

सारखे दिसणारे सगळे एक नसते. भविष्य निर्वाह निधीची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये झाली. कामगार विमा योजनेची मर्यादा २०१० पासून १५,००० च होती. म्हणजे त्यानंतर सव्वादोन वर्षे दोन्हीकडे एकच आकडा. कोणी शहाण्याने 'द्विरुक्ती आहे' म्हणून दोन्ही एका नावाखाली आणले असते, तर १ जानेवारी २०१७ ला विम्याची मर्यादा २१,००० झाली त्या दिवशी निधीचाही हिशेब बिघडला असता. आकडा एक, पण कायदा वेगळा आणि बदलण्याचे कारणही वेगळे. ज्या दोन गोष्टी एकाच कारणाने एकाच वेळी बदलतात त्या एक कराव्यात. ज्या योगायोगाने सारख्या दिसतात त्या सुखाने वेगळ्या राहू द्याव्यात.

आमच्या त्या प्रोग्रॅमात ओतशाळेच्या रात्रपाळीसाठी एक आगाऊ अट होती. इतर खात्यांपेक्षा चार रुपये जास्त, बाकी सगळे तेच. मुलाला ती जुनी चूक वाटली. त्याने ती काढून ओतशाळेला इतरांच्या ओळीत बसवले. पुढच्या पगाराला ओतशाळा बाहेर येऊन उभी राहिली. ते चार रुपये जुन्या संपातल्या करारात मिळाले होते. त्या वेळचा कोणी प्रोग्रॅमर आता तिथे नव्हता, आणि कोडात कारण लिहिलेले नव्हते. नीटनेटके करणे म्हणजे आतली मांडणी बदलणे. बाहेर पडणारा पगार एका पैशाने बदलला, तर ती नुसती साफसफाई उरत नाही.

हे आम्ही कायद्याच्या बाबतीतही म्हणतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. 'वेतन' या शब्दाची प्रत्येक कायद्यात निराळी व्याख्या होती, ती एक झाली. याचे आम्ही स्वागत करतो. तो घोळ आम्ही आयुष्यभर भोगला. पण स्थायी आदेश पूर्वी १०० कामगारांना, आणि आपल्या महाराष्ट्रात ५० कामगारांना लागू होत, ते आता ३०० ला लागू होतात. याला सुटसुटीतपणा म्हणावे काय? मोठ्या कारखानदारांपैकी कोणी इथे बसले असतील, त्यांनी उत्तर मनातच द्यावे. असो.

ओतशाळेची अट परत बसवली. या खेपेला आम्ही त्या मुलाजवळ बसून राहिलो. नवा प्रोग्रॅम वापरण्याआधी मागच्या बारा महिन्यांचे पगार त्यातून पुन्हा काढले आणि वाटलेल्या पगारांशी माणसागणिक ताडून पाहिले. जिथे फरक आला तिथे थांबून कारण शोधले. ओव्हरटाइमचे राहिलेले पैसे त्यातच नेमके निघाले. ओतशाळेच्या अटीशेजारी आता कराराची तारीख लिहिली आहे. तारीख सांगितली ती एका निवृत्त फर्नेसवाल्याने. करारपत्राची प्रत त्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या घडीत होती.