दाखल्याची रांग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण सांगण्यासारखी एक चूक माझ्यापाशी आहे, म्हणून चिटणीसबाईंच्या आग्रहाला मान देऊन उभी राहिले.

माझ्या मुलीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. मला वाटले, दाखला मागायचा म्हणजे घरची ओढाताण चारचौघांत मांडायची. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मुदत टळली. त्या वर्षीची फी माझ्या पाटल्यांनी भरली. मुलगी काही बोलली नाही. पण माझ्या हातांकडे पाहून तिने मान खाली घातली, ते मी विसरले नाही.

पुढच्या वर्षी मी दाखल्याच्या रांगेत उभी राहिले. पुढे पाहते तो आपल्याच आळीतल्या दोघीजणी! तिघीही एकमेकींपासून लपत होतो. मग हसू आले.

भगिनींनो, शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवरच. मग आपण का लाजावे?

आता कामाचे चार शब्द. पहिले, निकालाची वाट पाहू नये. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रके हे सारे आधीच एका पिशवीत जमवावे. मुलीचे बँकखाते आधारशी जोडून घ्यावे. पैसे थेट तेथेच येतात.

दुसरे, सुरुवात आठवीतच करावी. सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांसाठी केंद्राची एन.एम.एम.एस. परीक्षा असते. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असून निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कॉलेजची शिदोरी तेथूनच बांधता येते.

तिसरे, २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. व ओ.बी.सी. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही. सही करण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ ही वर्षाला ५०,००० रुपयांची शिष्यवृत्तीही आहे. एका घरातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते.

चौथे, एकदा मिळाली म्हणून निश्चिंत राहू नये. महाडीबीटीवर दरवर्षी पुन्हा अर्ज भरावा लागतो.

शेवटी एक विनंती. येत्या मे महिन्यात, ज्यांच्या घरी मुली बारावीला आहेत, त्यांनी मला सांगावे. आपण मिळून कचेरीत जाऊ. एकटीला लाज वाटते. पाचजणींना वाटत नाही. पाटल्या मोडण्यापेक्षा रांगेत दोन तास उभे राहणे केव्हाही स्वस्त!