उंबरठ्यावरचा निरोप

श्रोतेहो, गझलेत कासिद असतो, म्हणजे निरोप्या. तो दारापर्यंत येतो, घरात शिरत नाही. आपल्या रक्तातलं इन्सुलिन तसंच आहे. जेवणानंतर साखर वाढली, की ते स्नायूंच्या पेशींकडे जातं. निरोप एवढाच, ‘साखर आत घ्या.’

पेशीच्या पडद्यात एक प्रथिन आरपार रोवलेलं असतं. इन्सुलिन त्याचं बाहेरचं टोक धरतं आणि आतलं टोक जागं होतं. हे आतलं टोक म्हणजे प्रोटीन कायनेज. त्याचं काम प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारण्याचं. शिक्का बसला, की पुढचं प्रथिन कामाला लागतं. असं करत करत पेशीत ठेवलेली साखरेची दारं पडद्यावर येऊन बसतात, साखर आत जाते. काम झालं, की दुसरी प्रथिनं शिक्के पुसतात. हा शिक्क्यांचा व्यवहार फिशर आणि क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत उलगडला. १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या शरीरात अशी ५००हून अधिक कायनेजं आहेत.

आमच्या खडकीत ‘शुगर’वाले गल्लोगल्ली भेटतात, आणि ते सगळेच लठ्ठ नसतात. माझे भाईजान काठीसारखे बारीक. ‘मला कसली शुगर?’ म्हणत त्यांनी तपासणी टाळली. कळलं तेव्हा नजर अधू झाली होती.

हे कोडं पुण्यातच सुटू लागलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! अशी लपलेली चरबी स्नायूंत, यकृतात साचली, की तिथली दुसरी कायनेजं चेतवते. ती भलत्याच जागी शिक्के मारतात. मग इन्सुलिन दारात उभं असतं, पण निरोप आत पोचत नाही.

दिलासा असा, की चालताना स्नायूंतली आणखी वेगळी कायनेजं जागी होतात. ती इन्सुलिनची वाट न पाहता साखरेची दारं पडद्यावर आणतात. म्हणून गोळ्या चालू ठेवून डॉक्टर चालायलाही सांगतात.

तेव्हा मंडळी, बारीक असलात तरी रक्त तपासून घ्या. आणि संध्याकाळी खडकी बाजारातून निघून होळकर पुलापर्यंत पायी जाऊन या.